खंडेनवमीची दुर्बीण

प्रल्हाद किन्हीकर अंड्यांचा खोका दुकानातच उघडून प्रत्येक अंडं उलटंपालटं करून बघतो. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या मंडळात कुणी प्रसाद पुढे केला, तर त्यात काय काय घातलंय ते आधी विचारतो. नागपूरहून येऊन त्याला पंचवीसएक वर्षं झाली. काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, म्हणजे संशय घेण्याचाच पगार. कुणी काही सांगितलं की त्याचा प्रश्न ठरलेला : "पुरावा काय?" शेजारी म्हणून मी हे सगळं सोसतो. कधीकधी डोक्यात जातो, पण त्याच्यावाचून करमतही नाही.

त्याची मुलगी कादंबरी मास्टर्स करता करता लांब पल्ल्याच्या नेमबाजीत शिरली. क्लबच्या टीममध्ये यंदा एकच जागा होती आणि कादंबरीला ती जिवापाड हवी होती. तिच्या तोडीची दुसरी म्हणजे तिचीच जिवलग मैत्रीण, मोना. प्रल्हादला ही मैत्री खटकायची.

"एक जागा अन् दोघी मैत्रिणी? काहीतरी गडबड आहे यार," तो मला म्हणायचा. कादंबरीलाही जेवताना बजावायचा, "तिच्यापासून जपून राहा." पोरगी चिडायची, पण ऐकत होतीच.

दुर्बिणीचा खर्च बापाचा, म्हणून निवडही बापाची. दुकानात मलाही ओढून नेलं. रायफलवरच्या या दुर्बिणीत मध्ये एक फुली दिसते आणि फुलीखाली बारीक खुणा. लांब जाताना गोळी खाली उतरते, म्हणून फुलीऐवजी खालची खूण निशाण्यावर धरायची, एवढं मला कळलं. विक्रेत्याने दोन प्रकार दाखवले. एकात झूम केलं की चित्राबरोबर खुणाही लहानमोठ्या होतात, त्यामुळे त्या कुठल्याही झूमला खऱ्या. दुसऱ्यात खुणा आहेत तेवढ्याच राहतात, म्हणून त्या फक्त पूर्ण झूमवर खऱ्या. कादंबरीला पहिली हवी होती. विक्रेताही तिचीच बाजू घेत होता, आणि तिथेच माशी शिंकली.

"हा एवढा गोड का बोलतोय?" प्रल्हाद माझ्या कानाशी लागला. "महागडी गळ्यात मारायचीय त्याला."

"बाबा, आय नीड धिस वन," कादंबरी म्हणाली.

"दुसरी घे. पूर्ण झूमवर ठेवायची आणि विसरून जायचं. तिला हात कोण लावणार आहे?"

घरी दुसरी आली. कादंबरीने तक्रार न करता तिच्यावरच सराव केला. झूम कायम पूर्ण, आणि गोळ्या जिथल्या तिथे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे सण शनिवारी साजरे होतात, आणि रविवारी निवडीचा सामना होता. प्रल्हादच्या घरी पाटावर लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर, रत्नावहिनींचा मिक्सर आणि यंदा रिकामी केलेली रायफल, असं सगळं मांडलं होतं. वहिनींनी झेंडू वाहिला, हळदकुंकू लावलं. कुंकू काचेत जाईल असा प्रल्हादला संशय आला, म्हणून पूजा उरकताच त्याने चष्म्याचं फडकं गोल गोल फिरवत दुर्बीण पुसून काढली. मी तिथेच शिरा खात बसलो होतो. शिरा छान झाला होता.

रविवारी शेतांच्या कडेला निशाण्याच्या लोखंडी पाट्या टांगलेल्या होत्या. कादंबरी नाव नोंदवायला गेली तेव्हा तिची रायफलची बॅग मोनाने सांभाळली. प्रल्हादने मला कोपराने ढोसलं. "बघून ठेव."

जवळची पाटी कादंबरीने पहिल्याच गोळीत वाजवली. तिथे फुलीच धरायची होती. पुढची मात्र वाजेना. त्यापुढचीही नाही. गोळ्या पाट्यांच्या डोक्यावरून जात होत्या आणि मागच्या बांधावर माती उडत होती. पोरीचा चेहरा पडत चालला, ते मला बघवेना. वेळ संपला. तिने रायफल रिकामी केली, दुर्बीण तपासली आणि ताडकन उठली. झूम पूर्ण नव्हतं, पार अर्ध्यावर आलं होतं, म्हणजे फुलीखालच्या सगळ्या खुणा खोट्या.

ती थेट मोनासमोर जाऊन उभी राहिली. "यू टच्ड माय स्कोप."

"व्हॉट? नो!"

"बॅग तुझ्याकडे होती. ओन्ली यू."

तिचे डोळे बारीक झाले होते, अंड्यांच्या खोक्यापाशी प्रल्हादचे होतात तसे. मी प्रल्हादकडे पाहिलं. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं, आता तो छाती काढून पुढे जाणार, असं मला वाटलं. पण सवयीने त्याने आधी दुर्बीण हातात घेतली. झूमच्या कड्यावर बारीक खाचा असतात. त्या खाचांत लाल काहीतरी अडकलं होतं. त्याने अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघतच राहिला. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मीही बोललो नसतो, एवढं नक्की.

"कादू," तो म्हणाला, "मोना नाही. मी. काल पुसताना माझ्या हातून कडं फिरलं."

मोनाच्या डोळ्यांत पाणी होतं. "वी वेअर फ्रेंड्स," एवढंच म्हणून ती आपली रायफल घेऊन रांगेकडे गेली. तिचा नंबर आला होता. थोड्या वेळाने लांबच्या पाट्या एकामागून एक वाजू लागल्या.

कादंबरी त्या आवाजाकडे वळलीसुद्धा नाही. ती बापाकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत.

"तू तिला वाचवतोयस," ती म्हणाली. "तुला इथे सीन नकोय म्हणून."

"अगं, खरंच मी..."

"पुरावा काय?"

प्रल्हादने लाल अंगठा पुढे केला. तिने तो धरला, उजेडाकडे वळवला, नखाने खरवडून पाहिला, आणि तरीही तिचा विश्वास बसला की नाही, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.