आतून लावलेली कडी

दत्तमहाराजांवर मी इतकी चिडले होते, की त्या दिवशी वाडीला जाताना एस.टी.त एकदाही त्यांचं नाव घेतलं नाही. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन परवावर आलेलं. आठ दिवस मी दवाखान्यात असणार आणि घरी सायली, माझी सोळा वर्षांची स्वमग्न लेक. जेवते, आंघोळ करते, दूधही तापवते. पण पाळीचं पॅड स्वतः बदलत नव्हती. वर्षभर शिकवत होते. शाळेतल्या बाईंनी एकेका पायरीची चित्रं बाथरूममध्ये लावायला दिली आणि बजावलं, "ती थांबली तर थांबू दे, तुम्ही हात घालू नका." मला कुठला धीर? ती थबकली की मी खेकसायची आणि स्वतःच उरकून टाकायची. नवरा म्हणायचा, "मला कसं जमायचं ते?" जाऊबाईंनी तर कहर केला. "तिची बी पिशवी काढून टाका की, एकदमच." मी भरल्या ताटावरून उठले.

वाडीत आम्ही दोघी देवळाच्या घाटाकडे निघालो आणि सायलीनं माझा पदर ओढला. ड्रेसला डाग. पाळी चार दिवस आधीच आलेली. आमच्या घरात अशा वेळी देवळात जायचं नाही. एवढं बोलावून घेतलंस आणि दारातच अडवलंस? मी रस्त्यात उभी राहून देवाला मोठ्यांदा बोलले. लोक बघत राहिले.

बांगड्यांच्या दुकानातल्या एका बाईंनी हाक मारली. "पावणं, मागंच घर हाय माझं. आणा पोरीला." त्यांचा संडास इतका अरुंद, की आत दोघी मावेनात. मी पर्समधलं पॅड आणि कागद सायलीच्या हातात दिला, तिनं आत जाऊन कडी लावून घेतली. आजवर कधी लावली नव्हती. चित्रं राहिली घरी, आता हिला सांगणार कोण? मी दार बडवायला लागले. बाईंनी माझं मनगटच धरलं.

"बडवू नगासा. घाबरंल की ती."

तेवढ्यात आतून आवाज आला. हुबेहूब माझा. "जुनं काढ. कागदात गुंडाळ. नवीन लाव. कितीदा सांगायचं गं तुला? मी मेल्यावर कोण करणार तुझं? हात धू." माझं खेकसणंही तिनं पायरी म्हणूनच पाठ केलं होतं. इतका वेळ देवावर काढलेला राग आता माझा मलाच जाळत होता.

सायली बाहेर आली, हात ओले, म्हणाली, "झालं."

दर्शन लांबूनच घेतलं. त्या अरुंद दाराशी मला थोपवून धरणारे महाराजच होते असं मी मानते. कुणी मानावं असा आग्रह नाही. बाईंचं नाव विचारायचंही राहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "कडी लावून घेती. मला भाईर उभं करती." मला रडू आलं आणि ते निव्वळ आनंदाचं नव्हतं. माझ्यावाचून तिचं होतं, हे गोड मानून घ्यायलाही देवाचीच मदत लागली. ती त्यानं दिली. भांडण अजून मिटलेलं नाही. पण आता भांडते ती त्याचे पाय धरूनच.