चंद्रामागची क्लॅरिनेट

धुळ्याहून सकाळची एसटी पकडली तेव्हा पिशवीत कडक इस्त्रीचा एक पांढरा शर्ट होता आणि डोक्यात थोरल्या बहिणीचं, अक्काचं, फोनवरचं बोलणं. एरवी ती आधी पाऊसपाणी विचारते. या वेळी सरळ म्हणाली, "दिलीप, शनिवारी ये. यांचं वाजवणं ऐकायची ही शेवटची वेळ. पुढच्या आठवड्यात डॉक्टर पुढचे दात काढणार आहेत."

दाजी, म्हणजे तिचे यजमान, नाशिकच्या एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकते. दात गेले की वाजवणं संपलं. उभा जन्म त्यांनी वरातीपुढे चालत वाजवलं. लोक नाचले, फटाके उडाले, नवरदेवाचा घोडा बिथरला, पण समोर बसून त्यांना कुणी ऐकलं नाही. आम्हीसुद्धा नाही. आता मुंबईचा एक मोठा वाद्यवृंद नाशिकला येणार होता. पडद्यावर अंतराळमोहिमांच्या मूक फिल्म आणि पडद्याखाली बसून वादक प्रत्यक्ष वाजवणार. त्यांना नोटेशन वाचणारा एक क्लॅरिनेटवाला कमी पडत होता. दाजींना बोलावलं, आणि एक तुकडा तर त्यांना एकट्यालाच दिला.

चांदवडला एक शेतकरी कांद्याची गोणी घेऊन चढला आणि जागा नाही म्हणून ती माझ्या पिशवीवरच टेकवली. मग आपुलकीने विचारपूस सुरू केली.

"कुठं चालले, साहेब?"

"नाशिकला. चंद्रावर गेलेल्या माणसांच्या फिल्म दाखवणार आहेत, तिथे पडद्याखाली वाजवायला आमचे दाजी आहेत."

"चंद्रावर हवाच नाय म्हणता ना? मंग तिथं वाजलं तरी कोणाला ऐकू यायचं?"

मी हसलो. त्याने पिंपळगाव येईपर्यंत मला कांद्याचे भाव ऐकवले. बाहेर द्राक्षांच्या बागा आणि कांद्याची खळी (कांदा निवडून गोण्या भरायच्या जागा) मागे पडत होती. नाशिकला उतरून पिशवी उघडली तर शर्टाला कांद्याचा असा वास, की कार्यक्रमाला जावं की भजी तळावीत, कळेना.

इंदिरानगरात अक्काने नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाचं घुटं (घोटलेली पातळ डाळ) वाढलं. दाजी भाकरी दुधात कुस्करून, जपून एका बाजूने चावत होते. जेवण झाल्यावर त्यांनी मला समजावलं.

"हे पाहा दिलीपराव, यान चंद्राच्या मागे जातं. पृथ्वीशी बोलणं तुटतं. पडदा पूर्ण काळा. सगळी वाद्यं गप्प होतात आणि तिथे मी एकटा. अगदी हळू. यान बाहेर आलं, की पुन्हा सगळे."

"चुकलं तर?" अक्काने विचारलं.

"चुकायचं नाही. फिल्म काय माझ्यासाठी थांबणारे?"

वरातीत गाणं पाहिजे तेवढं लांबवणारा हा माणूस पडद्याच्या घड्याळावर वाजवणार होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. दीपप्रज्वलन झालं, स्वागत झालं, कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण झालं. प्रमुख पाहुणे, एक पुढारी, अजून पोचले नव्हते, म्हणून भाषण आणखी लांबलं. अखेर पाहुण्यांवाचूनच दिवे मालवले. मग मात्र जे सुरू झालं ते अफाट होतं. रॉकेट उठलं तेव्हा ढोलांनी खुर्ची हादरली. पृथ्वी लहान होत गेली आणि व्हायोलिनं अशी काही वाजली की अक्काने माझा हात घट्ट धरला. दाजी दुसऱ्या रांगेत, काळ्या कोटात, ताठ बसले होते.

यान चंद्रामागे गेलं. पडदा काळा झाला. सगळं शांत झालं. दाजींनी क्लॅरिनेट ओठांना लावली. एक सूर निघाला, बारीक, लांब.

आणि सभागृहातले सगळे दिवे लागले.

पाहुणे दारात उभे होते. निवेदक केव्हापासून त्यांच्या वाटेकडे डोळे लावून होता. पडदा काळा, वाद्यं थांबलेली, म्हणजे त्याच्या मते मध्यंतरच. माइकवरून तो कडाडला, "आपल्या सर्वांचे लाडके नेते आपल्यात आलेले आहेत! जोरदार टाळ्या!" शाल आली, श्रीफळ आलं, फेटा आला. वाद्यवृंदाच्या संचालकाने हात खाली घेतले. दाजींनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली. फेटा बांधून होतोय तोच यान चंद्रामागून बाहेर आलं. दिव्यांच्या उजेडात फिकट पडलेल्या पडद्यावर ते नीट दिसेना. वाद्यवृंद धडपडत पुन्हा सुरू झाला. दाजींचा तुकडा गेला तो गेलाच.

कार्यक्रम संपल्यावर मी अध्यक्षांना गाठलं. संतापून म्हणालो, "तेवढी फिल्म पुन्हा लावा. पाहुणे गेलेत, लोक अजून बसलेत."

"अहो, हॉलची वेळ संपली," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पण तुमच्या दाजींचं मन आम्ही मोडणार नाही. एक शाल उरलीय. त्यांचाही सत्कार करून टाकू!"

आणि केला. खरोखर केला. माझ्या साध्या, भल्या दाजींनी वाकून शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला उभे राहिले. मला तो नारळ तिथेच आपटावासा वाटला.

सकाळी निघण्यापूर्वी मी म्हटलं, "दाजी, आम्ही दोघं समोर बसतो. तो तुकडा वाजवा."

त्यांनी क्लॅरिनेट काढली, जोडली, पुसली. फुंकर घातली आणि थांबले.

"नाही हो, दिलीपराव. तो सगळे गप्प झाल्यावर वाजवायचा. इथे गप्प व्हायला आहे कोण?"

त्यांनी ती सुटी करून पेटीत ठेवली. अक्का पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

दात ठरल्या दिवशी काढले. कवळी छान बसली आहे, दाजी आता भाकरी मोडून खातात, असं अक्का सांगते. मी एवढा प्रवास करून एका माणसाला ऐकायला गेलो होतो आणि एक सूर ऐकून परत आलो. धुळ्यात कुणी विचारलं, नाशिकचा कार्यक्रम कसा झाला, तर मी सांगतो, सत्कार चांगला झाला.