अंगणात शमलेली भीती

अस्वल मायवर आलं तेव्हा मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मोहफुलं वेचत होते. पन्नास सालानंतरची पहिली काही वर्षं. आमचं गाव कुरखेड्याच्या बाजूचं, धानाचं. चैत्रात शेतातल्या बांध्या रिकाम्या पडत आणि सगळं गाव उजाडताच मोहाखाली जाई. त्या सकाळी आम्ही तिघी होतो: माय, मी आणि मोठी माय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. ती विधवा होती, तिला मूलबाळ नव्हतं आणि ती आमच्याच घरात राहत असे.

मोहफुलं अस्वलालाही आवडतात. म्हणून आमच्याकडच्या बायका एकमेकींना हाका देत वेचतात. मायही बोलत होती. मध्येच बोलणं तुटलं. मी मान वर केली तोवर अस्वल झुडपातून निघून तिच्यासमोर उभं राहिलं होतं. एकच पंजा त्यानं मारला. मोठी माय ओरडत काठी घेऊन धावली, जमिनीवर काठी आपटत राहिली, आणि अस्वल जसं आलं तसं निघून गेलं. माय पालथी पडली होती. तिला उताणी केली तेव्हा डाव्या गालाचं मांस लोंबत होतं आणि रक्ताला फुलं चिकटली होती.

बैलगाडीत धानाचं तणस घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाल शिवला. डोळा मात्र गेला. पावसाळ्यात जखम भरली, माय चुलीपाशी बसायला लागली, आणि घरातल्यांना वाटलं, निभावलं.

पण आमच्या गावात मोह कुठे नसतो? प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली, प्रत्येक घरात साठवलेली. शेजारणीनं एक दिवस फुलं भाजायला घेतली. तो गोड, आंबूस वास कुडावरून आला आणि मायच्या हातातलं भांडं पडलं. घामानं तिचं लुगडं भिजलं. ती धान साठवायच्या ढोलीमागे जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. पुढे हे नेहमीचंच झालं. बाबांनी पुजाऱ्याला बोलावलं. त्यानं दोरा बांधला, कोंबडं कापलं. गावात कोणी म्हणे लागिर झालं, कोणी म्हणे सोंग आहे. दुसरा चैत्र आला तेव्हा माय घराबाहेर पडलीच नाही. दारं लावून आत बसून राहिली.

त्यानंतर मोठ्या मायनं आपल्या मनानं एक गोष्ट सुरू केली. दुपारी कामं आटोपली की ती मायला अंगणात बसवी आणि तिचे केस विंचरी. अंगणाच्या पार टोकाला पळसाच्या पानावर चार वाळकी फुलं ठेवलेली असत. माय उठू पाही. मोठी माय तिचे केस सोडत नसे. ती मायच्या माहेरच्या गोष्टी काढी, कोणाच्या लग्नात काय फजिती झाली ते सांगे. हळूहळू पान जवळ येत गेलं. कधी माय दोन दिवस बरी असे, मग पुन्हा ढोलीमागे. पण पावसाळा सरता सरता एका दुपारी तिनं स्वतः एक फूल उचललं, हुंगलं आणि खाली ठेवलं. दिवाळीनंतर तिनं घरातली फुलं स्वतःच्या हातानं भाजली. बाबांनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

त्याच हिवाळ्यात माझा भाऊ जन्मला. माय त्याला क्षणभर खाली ठेवत नसे. फाटलेल्या गालाकडे तो टक लावून पाही आणि माय त्याच्याशी हसे. ती हसली की शिवलेली बाजू ओढली जाई. मला ते हसू अजून दिसतं.

तिसरा चैत्र आला. बाबा म्हणाले, आता भीती गेली आहे, सोबत सारे आहेत, चल. मायनंही होकार दिला. तिला स्वतःलाच तसं वाटत होतं. आम्ही निघालो. वाटेवर ती मोठ्या मायशी नीट बोलत होती. रानात पोचल्यावर तिनं बाळाची झोळी पळसाच्या फांदीला बांधली आणि टोपली घेऊन मोहाखाली गेली. फुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळून जमीन काळी केलेली होती आणि तिच्यावर ताजी, ओली फुलं पडली होती. माय वाकली.

ती ओरडली नाही. टोपली टाकून ती धावत सुटली. पाय काट्यांनी फाटले, लुगडं झुडपात अडकून फाटलं, तरी ती थांबली नाही, थेट घरी येऊन ढोलीमागे शिरली. बाळ झोळीतच होतं. मोठ्या मायनं त्याला काढलं, छातीशी धरलं आणि घरी आणलं. त्याला काहीही झालं नव्हतं. तो झोपलेला होता.

गावानं हे विसरू दिलं नाही. विहिरीवर बायका मायला ऐकू जाईल असं बोलत: जनावरसुद्धा पिल्लू टाकून पळत नाही. बाबांनीही तिची बाजू घेतली नाही. मोठी माय बाळाला तिच्या मांडीवर द्यायला गेली तेव्हा माय मागे सरकली.

"तूच ठेव बाई त्याले," ती म्हणाली. "मी त्याले टाकून पळाली. मले त्याले हात लावाचा हक नाई."

मोठी माय रागावली, रडली, पण मायनं हात पुढे केले नाहीत. दूध पाजायचं तेवढं पाजी, तेही तोंड फिरवून. भाऊ मोठ्या मायलाच माय म्हणत वाढला. माझी माय दिवसेंदिवस बोलेनाशी झाली. भाऊ शाळेत जायच्या आधीच एका उन्हाळ्यात ती तापानं गेली. तिला जगायचंच नव्हतं असं मोठी माय म्हणे.

मी पुढे नागपूरला शिकले आणि तिथेच मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. मेंदूत भीती कशी नोंदली जाते ते कळायला लागलं तेव्हा माझे केस पिकले होते. कानशिलांच्या आत बदामाएवढा एक भाग असतो. भयंकर काही घडलं की तिथल्या पेशींवर ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा मारा होतो, कॅल्शियम आत शिरतं, पेशीच्या गाभ्यातली जनुकं कामाला लागतात आणि काही तासांत नवी प्रथिनं तयार होऊन पेशी-पेशींमधला सांधा पक्का होतो. वास आणि पंजा असे एकत्र शिवले जातात. आणि भीती शमते तेव्हा ही शिवण उसवली जात नाही. मेंदू दुसरी गोष्ट शिकतो, की हा वास आला तरी काही होत नाही. त्यालाही तेच ग्लुटामेट लागतं, तशीच नवी प्रथिनं लागतात, आणि कपाळामागचा भाग त्या बदामाला गप्प बसवायला शिकतो. पण हे दुसरं शिकणं जागेला बांधलेलं असतं. मायचा मेंदू अंगणात निर्भय झाला होता. मोहाखाली तो कधी झालाच नव्हता. तिथे जुनी नोंद शाबूत होती, आणि विचार करायच्या आधी त्या नोंदीनं मायच्या पायांना पळवलं.

भाऊ आता म्हातारा झाला आहे, गावी धान करतो. मागे मी तिकडे गेले तेव्हा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "बाई, आपल्या खऱ्या मायनं मले जवळ काऊन नाई घेतलं?" मी त्याला हे सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "मंग तिची चुकी नव्हती, हे तिले कोनी सांगतलं का?"

मी म्हटलं, "तवा कोनाले मालूमच नव्हतं."

तो उठून बैल सोडायला गेला. जेवणाची वेळ झाली तरी तो आत आला नाही, आणि मीही त्याला हाक मारली नाही.