मामाच्या फ्रेममधला गज

पनवेलमध्ये मी वेल्डिंग करून बनवलेलं एकच गेट आहे आणि ते माझ्याच घराला आहे. दुसऱ्या कुणी मागितलं नाही. पण ते अजून पडलेलं नाही, एवढ्या पुराव्यावर मी स्वतःला वेल्डर समजत होतो.

म्हणून गव्हाणच्या मामाच्या जुन्या मोटरसायकलची फ्रेम तडकली, तेव्हा मी छाती पुढे काढली. मामा पंचाहत्तरीचा. त्याच गाडीवर बसून तो पनवेलच्या बाजाराला यायचा. गाडी परत मोडली तर भंगारात, असं त्याच्या मुलाने बजावलं होतं. मग मुलाच्या कारची वाट बघत ओट्यावर बसणं आलं. "पार्सलासारखा जानार नाय मी," मामा म्हणाला.

तडा हँडलच्या खाली होता, फ्रेमचा पाइप जाड ओतीव सांध्यात शिरतो तिथे. मी वेल्डिंग मारलं, ग्राइंडर फिरवला, पुट्टी भरली, काळा रंग दिला. वर चादर टाकली आणि मामा आल्यावर ती पडद्यासारखी खेचून काढली. मामाने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तीन आठवड्यांनी तो गाडी टेम्पोत घालून आला.

"भाच्या, तुजा जोड घट्ट हाय. बाजूचा पाइप फाटला."

खाडीकडच्या रस्त्यावर एक म्हातारे गॅस वेल्डर बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. जुन्या फ्रेम ते पितळेने झाळतात. टाकी, हँडल, इंजिन उतरवून आम्ही फ्रेम त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी रंग खरवडला आणि कपाळाला हात लावला.

"तौबा! कारखान्यात हा सांधा पितळेने झाळलेला होता. विजेच्या वेल्डिंगने पितळ जळालं, पाइप कडक झाला. मग बाजूने तडकणारच. कोण हा गाढव?"

"आहे एक गेटवाला," मी म्हणालो.

मामाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "लई नावाजलेला हाय," तो चाचांना म्हणाला. "नाटकात बी काम करतो."

चाचांनी माझ्या वेल्डिंगची गाठ घासून काढली, पितळ नीट धरावं म्हणून फटीला टाकणखार लावला आणि ते गॅसची ज्योत फिरवू लागले. या कामात लोखंड वितळवायचं नसतं. ते लाल झालं की पितळी कांडी टेकवायची. पितळ पाण्यासारखं फटीत ओढलं जातं. इथे मात्र ते थेंब होऊन घरंगळत होतं. पुन्हा टाकणखार, पुन्हा ज्योत, पुन्हा थेंब. चाचांनी ज्योत बंद केली, पाइप थोडा निवल्यावर पान्याने त्यावर टकटक केली. एका जागी आवाज बसका आला.

"आत काहीतरी आहे. सगळी उष्णता तेच खातंय. काय आहे, किती लांब आहे, हे कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. त्या गेटवाल्याला फोन करा."

मामाने त्याचा फोन माझ्यापुढे धरला. "लाव. तुज्या वळखीचा हाय ना."

मी फोन हातात घेतलासुद्धा. नाटकाचा आणखी एक अंक रेटता आला असता. पण तो सांधा वरवर झाळून निघाला असता, तर उरण रस्त्यावर एखाद्या ट्रेलरच्या पुढे तुटला असता, आणि गाडीवर मामा असता.

"गज आहे," मी म्हणालो. "वीतभर. आधार म्हणून मीच आत ठोकला होता. गेटचा उरलेला."

चाचांनी काळा चष्मा काढून मला नीट पाहून घेतलं. मामा म्हणाला, "मंजे तीन आठवडे मी तुजं गेट घेऊन फिरलो?"

चाचांनी खराब पाइप कापला, गज काढला, आतून पातळ नळी बसवून नवा तुकडा जोडला. या वेळी पितळ सांध्याभोवती सोनेरी रेघेसारखं फिरलं. मी हौसेने पाण्याचा मग उचलला, तर दोघे म्हातारे एकदम ओरडले. सांधा आपोआपच निवू द्यायचा असतो. तासभर आम्ही चहा पीत बसलो. मग चाचांनी पाना मारला. खणखणीत.

रंग मात्र महिनाभर द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं. नवा तडा रंगाखाली लपतो. हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.

गाडी जोडून झाली तेव्हा मी म्हणालो, "मामा, आधी मी चालवून बघतो."

"मागं बस," मामा म्हणाला आणि तो गज माझ्या हातात दिला.

गव्हाणपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर मी हातात गज धरून सांध्याकडे कान लावून बसलो होतो. दारात मामाचा मुलगा उभा होता. त्याने वाकून सांधा पाहिला.

"बाबा, हे वेल्डिंग टिकंल का?"

"यो वेल्डिंग नाय, पितल हाय," मामा गाडी स्टँडवर लावत म्हणाला. "वेल्डिंग तुज्या आतेभावाच्या हातात हाय. उद्या बाजाराला माजा मी जानार."