दुसऱ्या प्रकारचा माणूस

शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात अडतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतर पुन्हा पाण्यातच हात घालावा, याचं त्याच्या बायकोला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी आली, तिच्यात खारं पाणी आलं, आणि हळूहळू जिवंत प्रवाळ वाढू लागले. केंद्रात सगळे त्यांना काका म्हणत, इमारतीतही ते काकाच झाले. तसे तापट. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पण टाकीसमोर स्टूल ओढून बसले की तासन्‌तास शब्द नाही.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. काकांचं बघून तिनेही छोटी टाकी घेतली, तिच्यात अंगठ्याएवढे दोन प्रवाळ सोडले, आणि पंधरा दिवसांत काकांकडे आली.

"काका, डोसिंग पंप घ्यावा म्हणतेय. वेळ लावून दिली की सगळं आपोआप पाण्यात पडतं."

"काय पडतं?"

"ते... प्रवाळांना लागतं ते. कॅल्शियम, अल्कलिनिटी."

"तुमचे प्रवाळ दिवसाला किती ओढतात?"

"ते मला कसं कळणार?"

"मग पंपाला तरी कसं कळणार, सिस्टर?"

आता सुटका नाही हे ओळखून ती खुर्चीत बसली. काकांनी तिला अगदी शाळकरी मुलीला समजवावं तसं समजावलं. प्रवाळ पाण्यातली द्रव्यं ओढून आपला सांगाडा बांधतात, खरं आहे. पण एवढ्याशा दोन जीवांना लागतं ते आठवड्याला बदललेल्या पाण्यातूनच मिळतं. आधी महिनाभर रोज मोजायचं. आकडा दररोज सारखाच उतरायला लागला, की तेवढं मापाने, स्वतःच्या हाताने घालायचं. असे काही महिने जाऊ द्यायचे.

"पंप दोनच प्रकारच्या माणसांनी घ्यावा," काका म्हणाले. "एक, ज्याची टाकी इतकी भरलीय की हाताने घालून पुरत नाही. आणि दुसरा, ज्याच्या हाताचाच भरवसा उरला नाही. तुम्ही पहिल्या प्रकारात याल, वर्षभराने."

स्वतःच्या या वाक्यावर ते खूश होऊन हसले. नर्सही हसली. जाताजाता तिने विचारलं, "आम्ही वॉर्डात औषध दिलं की लगेच सही करतो. तुम्ही डोस घातल्याची खूण कुठे करता?"

"मला खूण लागत नाही. लाखभर लोक माझ्या हातचं पाणी प्यायलेत."

काकांच्या वहीत रोजचा आकडा असायचा, डोसचा उल्लेख कधीच नसायचा. छोट्या बाटलीत टाकीचं पाणी घ्यायचं, तपासणीच्या औषधाच्या पहिल्या थेंबाने ते निळं व्हायचं, आणि पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे; जितके थेंब, तितकी अल्कलिनिटी. गेली पाच वर्षं आठ थेंब. ती काळ्या दगडावरची रेघ होती.

मग एका आठवड्यात नऊ थेंब लागले. पुढच्या आठवड्यात दहा.

काकांच्या कपाळाला आठी पडली, पण घाबरले नाहीत. केंद्रात अशा वेळी काय करायचं ते त्यांना पाठ होतं: एकेका गोष्टीवर संशय घ्यायचा आणि तो खोटा ठरला की तिला सोडून द्यायचं. तपासणीचं औषध जुनं झालं असेल, म्हणून नवं आणलं. तरी दहा. मीठ खराब असेल, म्हणून बादलीत नुसतं मिठाचं पाणी कालवून मोजलं. आठ. प्रवाळांनीच ओढणं कमी केलं असेल, म्हणून चार दिवस डोस निम्मा केला. तरी आकडा चढलाच. निवृत्तीच्या वर्षी आणलेला हिरवा फांद्यांचा प्रवाळ आता टोकांना पांढरा पडू लागला होता, भाजल्यासारखा. हा गेला तर दुसरा आणण्याइतकी वर्षं आपल्याकडे नाहीत, हे त्यांना कळत होतं.

शेवटी राहिली डोसच्या औषधाची बाटली. एका सकाळी त्यांनी तिच्यावर पट्टी चिकटवून पेन्सिलीने रेघ ओढली, दहा मिलिलिटर मोजून घातलं, आणि खालची रेघ ओढली. दुपारी पाहिलं तर औषध खालच्या रेघेच्याही बरंच खाली गेलं होतं.

म्हणजे घरातलंच कुणीतरी. घरात माणसं दोनच.

बायको खिडकीपाशी पडद्याची शिवण उसवत बसली होती.

"तू टाकीत काही घालतेस का?" काकांनी चढ्या आवाजात विचारलं.

तिने कात्री खाली ठेवली. "मी नाही घालत. तुम्हीच घालता. चहाआधी एकदा, चहानंतर एकदा. कधीकधी पेपर वाचून झाल्यावरही."

"काहीतरी बोलू नकोस."

"आज तिसऱ्यांदा घालताना मी हात धरला, तर माझ्यावर खेकसलात."

काका उभेच होते. पायाखालची जमीन सरकली तरी माणूस काही वेळ उभा राहतो.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात सांगितलं. परवाही सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही असेच उभे राहिलात, आणि हेच विचारलंत."

एवढं बोलून तिने पुन्हा कात्री उचलली, पण शिवण काही दिसेना. तिचे डोळे भरून आले होते. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एकेका गोष्टीवर घेतलेला संशय खोटा ठरत गेला होता, आणि आता एकच गोष्ट उरली होती. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं उत्तर कधी मिळालं नव्हतं.

ते तसेच जिन्यात जाऊन बसले. हे डोक्यातून निसटायच्या आत कुणाला तरी सांगायला हवं होतं. नर्स ड्यूटीवरून येताना दिसली.

"सिस्टर, तो पंप कुठे मिळतो?"

"माझ्या टाकीला अजून गरज नाही म्हणालात ना, काका?"

"तुमच्यासाठी नाही. दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी."

ती खांद्यावरची पिशवी खाली ठेवून त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

तिनेच रविवारी पंप बसवला. औषधाच्या बाटल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली बायकोकडे दिली. काकांनी वहीचं कोरं पान फाडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहून टाकीच्या काचेवर चिकटवलं: "पाण्यात काहीही घालू नका. पंप घालतो. तुम्ही फक्त बघा." केंद्रातल्या नवशिक्यांना ते अशाच सूचना लिहून देत.

आकडा हळूहळू आठवर आला. हिरव्या प्रवाळाची जळलेली टोकं मात्र परत आली नाहीत. त्यांच्यावर शेवाळ धरलं.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी काका रिकामं माप हातात घेऊन टाकीसमोर उभे होते. त्यांनी काचेवरचा कागद वाचला, मान डोलावली, पुन्हा एकदा वाचला. बायको चहा घेऊन मागे येऊन थांबली.

"सूचना बरोबर आहे," काका म्हणाले. "अक्षरही चांगलं आहे. कुणी लिहिलीय गं ही?"