ज्योत हलतेय का

दाजींना सगळे मिस्त्री म्हणायचे. मी त्यांची मेव्हणी, त्यामुळे मला त्यांना काहीही म्हणायची मुभा होती आणि ती मी कधी वाया घालवली नाही.

घर बांधून झालं की दाजी त्यात भर दुपारी पेटती मेणबत्ती घेऊन फिरायचे. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि चौकटीच्या कडेने, पाइपांच्या बाजूने ज्योत हळूहळू न्यायची. ज्योत हलली की म्हणायचे, "इथे चोर आहे." चोर म्हणजे फट. हिवाळ्यातली ऊब आणि उन्हाळ्यातला गारवा तिथून पळतो, म्हणून चोर. मग ज्याने चौकट बसवली त्या सुताराची काही खैर नसायची. दाजींच्या घरांत हिटर नुसता शोभेला असायचा, हे मीही कबूल करते.

"दाजी, घर बांधताय की बरणी?" मी विचारायचे.

"बरणीतलं काही नासत नाही," ते म्हणायचे.

माझ्या ताईला लहानपणापासून दमा. थंडी पडली की तिची छाती वाजायची. तिच्यासाठीच दाजींनी स्वतःचं घर बांधायला काढलं. भिंतीच्या पोटात ऊब धरून ठेवणारा जाड थर, खिडक्यांना दुहेरी काचा, सगळं हाताने केलेलं. ताईने फक्त एक हट्ट धरला होता. झोपायच्या खोलीत, छताजवळ, तळहाताएवढा झरोका हवा. दाजींनी कुरकुर करत ठेवला. पण पहिल्याच थंडीत त्यांनी तिथे मेणबत्ती धरली आणि ज्योत आडवी झाली. गेली त्यांच्या तळपायाची आग मस्तकात. झरोका बुजवला, वर गिलावा, वर रंग. कुठे होता ते शोधून सापडू नये इतकं सफाईदार काम. ताई दोन दिवस बोलली नाही, मग बोलली. तिला फार वेळ रुसता यायचंच नाही.

तो हिवाळा बरा गेला. पुढच्या हिवाळ्यात खोकला सुरू झाला. स्वयंपाकाची वाफ घरातच, कपडे वाळायचे ते घरातच, सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं. मी दिवसा तिच्या सोबतीला जायचे. "गुदमरल्यासारखं होतंय गं, खिडकी उघड ना," ती म्हणायची. मी उघडायचे. दाजी येऊन लावायचे. "गार वारा बाधेल तिला." मग मीही उघडेनाशी झाले. म्हटलं, हा माणूस घरं बांधतो, आपल्याला काय कळतं. ते मला अजून खातं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?"

दाजींना ते लागलं. "डॉक्टर, ते घर मी बांधलंय," ते म्हणाले. डॉक्टरांनी औषध वाढवलं.

एके दुपारी औषधाच्या बाटलीचं झाकण घरंगळत कपाटामागे गेलं. दाजी घरी होते, आम्ही दोघांनी कपाट ओढलं. मागची भिंत खालपासून कमरेपर्यंत काळी होती. बुरशी. ओल्या गोणपाटाचा वास आला. दाजींनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे बघत राहिले. घरातली ओल बाहेर जायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मी आधी धावत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या.

ते छिन्नी-हातोडी घेऊन शिडीवर चढले. पण झरोका सापडेना. इकडे ठोकून बघ, तिकडे ठोकून बघ. स्वतःच्या हातचं काम, आणि सापडेना.

"थोडं डावीकडे," पलंगावरून ताई म्हणाली. "अजून थोडं. हां, तिथे."

दाजींनी वळून पाहिलं.

"रोज तिथेच तर बघत पडलेली असते मी," ती म्हणाली. रागाने नाही. मला वाटतं, रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं.

झरोका मोकळा झाला, भिंत खरवडली, पण तिच्या छातीने तोवर हार मानली होती. ती त्यानंतर पाच आठवडे होती. रोज कामावर निघताना दाजी झरोक्यापाशी मेणबत्ती धरायचे आणि तिला विचारायचे, "हलतेय का?" ती म्हणायची, "हलतेय." शेवटी शेवटी बोलवत नव्हतं, तेव्हा नुसतं बोट हलवायची.

दाजी अजून घरं बांधतात. चोर अजून पकडतात, पण प्रत्येक खोलीत वर एक झरोका असतो आणि तिथे ज्योत हलल्याशिवाय किल्ली मालकाला मिळत नाही. परवा त्यांचा डबा द्यायला मी एका नव्या घरी गेले. रिकाम्या खोलीत ते शिडीवर होते, माझ्याकडे पाठ, हातात मेणबत्ती. मी आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

"हलतेय का?" त्यांनी विचारलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "हलतेय."