मनगटापर्यंत दिसणारी माणसं

सकाळचे सहा वाजून बेचाळीस मिनिटं. सप्टेंबर १९५७ मधला सोमवार. पिंपरीतल्या एका औषध कारखान्याच्या हजेरीखिडकीत ज्योतीराम पितळी बिल्ले घेत होता. बाहेरून हात आत यायचा, बिल्ला ठेवायचा. ज्योतीराम तो त्या-त्या नंबराच्या खिळ्याला अडकवायचा. खिडकी वीतभर उंचीची. कामगारांनी हुज्जत घालू नये म्हणून मुद्दाम तशी ठेवलेली. आतल्या माणसाला मनगटापलीकडचं काही दिसत नसे. सात वाजेपर्यंत तीनशे बारा हात येऊन गेले.

ज्योतीराम मूळचा भूमकडचा, सातवी पास. पाच वर्षं तो रहस्यकथा लिहीत होता आणि त्या छापण्याजोग्या आहेत याबद्दल त्याला शंका नव्हती. शंका पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांना होती. एकच कथा दोनदा परत आली. दुसऱ्या वेळी सोबत चिठ्ठी होती : ‘चोर दुसऱ्या पानावर कळतो. दुरुस्त करून बुधवारपर्यंत पोचली तर दिवाळी अंकात घेऊ. नंतर पाठवू नये.’

अकराच्या सुट्टीत त्याने ती कथा लिंबाखाली वाचायला घेतली. ऐकायला दोघं : बॉयलरवरचा भैरू आणि बाटल्या धुणाऱ्या, चिंचवड गावातल्या मंजुळाबाई. बाईंना अक्षरओळख नव्हती. कथेत कोठारातून औषधाची पेटी नाहीशी होते. दुसरं पान संपलं.

“चोर मुकादम,” मंजुळाबाई भाकरी मोडत म्हणाल्या.

“अवं, अजून गुप्तहेर आला न्हाई!” भैरू म्हणाला.

“त्याची वाट कशाला बघायची? ज्योतीरामभाऊ, तुमी कारकुनाच्या मनात शिरला. रखवालदाराच्या शिरला. झाडूवाल्या म्हातारीच्याबी मनात जाऊन आला. मुकादमाच्या दारावरनंच तेवढं माघारी फिरला. आत पेटी ठिवली म्हनूनच ना?”

भैरूला हसता हसता ठसका लागला. “राव, हिला पोलिसात भरती करा.”

“बरं, मुकादमाच्याही मनात शिरतो,” ज्योतीराम म्हणाला.

“मग त्यो मनात म्हननार, पेटी म्या घेतली. न्हाई म्हनला तर तुमी लबाड.”

“मग सांगू तरी कुठून?”

“तुमी बसता कुठं? तितनंच सांगा. आमची तोंडं तरी दिसत्यात का तुमाला?”

ज्योतीराम रागावला नाही, पण त्याची अर्धी भाकरी तशीच राहिली.

बारा ते तीन खिडकीशी कोणी फिरकत नाही. त्याने गुप्तहेर काढून टाकला, सगळ्यांची मनंही काढली. नवी सुरुवात लिहिली : ‘मी हजेरीखिडकीत बसतो. मला माणसं मनगटापर्यंत दिसतात. त्या सकाळी वाकड्या करंगळीचा हात दोनदा आला, दोन बिल्ले ठेवून गेला. मी दोन्ही अडकवले.’ चोर मुकादमच राहिला. ज्या कामगारावर आळ येणार होता, तो त्या दिवशी कारखान्यात आलाच नव्हता. त्याचा बिल्ला वाकड्या करंगळीच्या मुकादमाने ठेवला होता. सांगणाऱ्याला हे कळलं नाही, कारण त्याचं काम बिल्ले मोजायचं, हात ओळखायचं नव्हे. आता काही लपवायची गरजच उरली नव्हती.

साडेतीनला पाळी सुटली. फाटकाबाहेर त्याने दोन पानं वाचून दाखवली. मग तो मंजुळाबाईंकडे वळला.

“सांगा, चोर कोण?”

“तुमी!”

“मी?”

“न्हाई तर काय? सगळ्यांचे बिल्ले ज्याच्या हातात, त्योच सोताच्या तोंडानं सगळं सांगतोय. सरळ तर हाय.”

“धरा ह्याला!” भैरूने ज्योतीरामचं मनगट पकडलं.

ज्योतीरामने खरं सांगितलं नाही. करंगळी पहिल्याच पानावर उघडी पडली होती आणि बाईंच्या कानावरून नुसतीच निघून गेली होती. त्याने कागदांची घडी करून खिशात ठेवली.

“पुढं काय हुतं?” बाईंनी विचारलं.

“छापून आल्यावर वाचून दाखवीन.”

सहा पानं लिहायची उरली होती. मंगळवारी पाळी साडेतीनलाच सुटते. बुधवारी पुण्यात पोचणारी थैली पिंपरीच्या पोस्टातून साडेचारला निघते.